पीएचडीला फी भरायची नसते, पगार घ्यायचा असतो



हल्ली आपल्या बडोद्यात कुठल्याही मुंजीत, लग्नात बसलं की विषय एकच. कुणाचा मुलगा कुठे गेला आणि कर्ज किती काढलं. चाळीस लाख, पन्नास लाख हे आकडे लोक भाजीच्या भावासारखे सांगतात. मी आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली चाळल्या, म्हणून जरा बोलतो.

इंजिनिअरिंगच्या ज्या मुलाला किंवा मुलीला संशोधनाची खरोखर गोडी आहे, त्यांच्यासाठी राहता फ्लॅट तारण ठेवू नका. जर्मनीत इंजिनिअरिंगची पीएचडी बहुधा चक्क नोकरी असते. सरकारी वेतनश्रेणी ई-13, कुठे पूर्ण, कुठे 65 किंवा 75 टक्के. हॉलंडमध्ये साधारण चार वर्षांचा पगारी करार. अमेरिकेत फी माफ आणि शिकवण्याच्या किंवा प्रयोगशाळेतल्या कामाचं मानधन. आपल्याकडेही ज्युनिअर रिसर्च फेलोशिप जानेवारी 2023 पासून महिना 37,000 झाली, वर घरभाडं. पंतप्रधान फेलोशिप 2018 साली जाहीर झाली, ती 70,000 पासून सुरू.

जर्मनीला आधी मास्टर्स लागतं, हे खरं. मग गेट देऊन इथेच एम.टेक. करा ना! महिना 12,400 मिळतात, व्याज शून्य.

एजंट हे का सांगत नाहीत? अहो, त्यांना बरीच विद्यापीठं फीतून कमिशन देतात. जिथे फीच नाही तिथे कमिशन कुठलं?

जागा शोधायची कशी, तर विद्यापीठांच्या नोकरीच्या जाहिरातींत. युरोपसाठी 'युरॅक्सेस' आहे, तिथे अशा जागा लागतात. नाहीतर थेट प्राध्यापकाला ईमेल. पण शंभर जणांना एकच मजकूर पाठवला की तो वाचलाही जात नाही. त्यांचे दोन शोधनिबंध वाचा, आपण केलेलं काम त्याला कुठे जुळतं ते अर्ध्या पानात लिहा. असे दहा ईमेल पुरेत. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण, बस्स.

आणि पत्र आलं की पेढे वाटायच्या आधी ते सँक्शन लेटरसारखं वाचा. प्रवेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नव्हे. फी पूर्ण माफ की अर्धी? मानधन किती वर्षं, की दरवर्षी नव्याने ठरणार? आरोग्यविमा कुणाच्या खिशातून? 'सेल्फ फंडेड' लिहिलं असेल तर सरळ नाही म्हणा. नुसत्या व्हिसासाठी पीएचडी करू पाहणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये, चार-पाच वर्षं फार लांब असतात.

आपल्या गावाला ही गोष्ट नवी वाटू नये. 1890 साली कलाभवन काढणाऱ्या सयाजीराव महाराजांनी 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. वर परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करारही लिहून घेतला. रक्कम, मुदत, अट, सगळं कागदावर. मला बँकवाल्याला तो कागद फार आवडतो.

कुणाच्या नातवाला असं पत्र आलं असेल तर रविवारी सकाळी घेऊन या, ओळ न् ओळ वाचून देईन. फक्त जामीन राहायला सांगू नका.