'अंतर्गत बाब' नावाचे कुलूप

जो हक्क मोडला गेला असता त्याची दाद मोडणाऱ्याकडेच मागावी लागते, तो हक्क नव्हे. ती मेहेरबानी होय. सीमाभागातील मराठी माणसाला हे पटवून देण्यासाठी कोणा घटनापंडिताची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून तो हाच धडा गिरवीत आहे. जमिनीचा उतारा हातात पडतो तो त्याला वाचता न येणाऱ्या भाषेत. तक्रार करावी, तर ती ज्या सरकारविरुद्ध आहे त्याच सरकारच्या टेबलावर जाऊन पडते. दिल्लीकडे वळावे, तर दिल्ली म्हणते, हा राज्याचा अंतर्गत प्रश्न! आणि दिल्लीच्याही पलीकडे पाहू म्हटले, की तीच दिल्ली ताठ मानेने जगाला सांगते, हा भारताचा अंतर्गत प्रश्न! कुलूप तेच, फक्त दार बदलते.

आज आम्हाला या दुसऱ्या दाराविषयी बोलावयाचे आहे.

नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारनामा भारताने १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारला. त्याच्या २७ व्या कलमात भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या समाजातील इतरांसमवेत आपली भाषा वापरण्याचा हक्क नाकारता येणार नाही, असे स्वच्छ शब्दांत लिहिले आहे. हे वचन भारताने साऱ्या जगाच्या साक्षीने दिले. परंतु या करारनाम्याच्या जोडीनेच १९६६ साली एक ऐच्छिक पूरक करार तयार झाला होता. ज्या नागरिकाचा हक्क मोडला गेला आणि स्वदेशातील सर्व पायऱ्या चढूनही ज्याला न्याय मिळाला नाही, त्याने थेट करारनाम्याखालील मानवी हक्क समितीकडे अर्ज करावा, एवढीच त्याची मातब्बरी. शंभराहून अधिक राष्ट्रांनी तो मान्य केला. नेपाळने १९९१ साली मान्य केला, चिमुकल्या मालदीवनेही २००६ साली केला. भारताने केलेला नाही. १९७९ नंतर दिल्लीत किती रंगांची सरकारे आली आणि गेली. या एका बाबतीत मात्र सर्वांचे कसे अगदी एकमत! खत लिहून द्यावयाचे आणि साक्षीदाराची सही होण्यापूर्वी कागद आपल्याच खिशात घालावयाचा, हा व्यवहार कोणत्या बाजारात चालतो?

यावर ठरलेले उत्तर असे की, आमच्या घरातील गाऱ्हाणी परक्यांनी ऐकणे हे सार्वभौमत्वाला बाधक आहे. हे उत्तर देणाऱ्यांस आम्ही त्यांच्याच इतिहासाची आठवण करून देतो. १९४६ साली, अजून स्वतंत्रही न झालेल्या हिंदुस्थानने दक्षिण आफ्रिकेला संयुक्त राष्ट्रसंघापुढे खेचले. तेथील हिंदी लोकांच्या जमिनीच्या व वस्तीच्या हक्कांवर घाला घालणारा कायदा त्या वर्षी झाला होता. जनरल स्मट्स यांचा बचाव काय होता? हाच! ही आमची अंतर्गत बाब आहे. राष्ट्रसंघाच्या सनदेनेच अशा बाबींत हस्तक्षेप वर्ज्य केला आहे. विजयालक्ष्मी पंडितांनी तो बचाव आमसभेत उधळून लावला. ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक बहुमताने, ठराव मंजूर झाला. माणसाच्या मूलभूत हक्कांची पायमल्ली ही कोणत्याही सरकारची खासगी मालमत्ता नव्हे, हे तत्त्व जगाच्या व्यासपीठावर प्रथम ठणकावून सांगणाऱ्यांत आपणच होतो. पुढे १९४७ च्या अखेरीस जिनिव्हात, मानवी हक्कांची अंमलबजावणी कोणत्या यंत्रणेने व्हावी याचा विचार करणाऱ्या गटाचे अध्यक्षपद भूषविले तेही हंसाबेन मेहता यांनी. बडोद्याच्या आमच्या वाचकांना, तेथील विद्यापीठाच्या या पहिल्या कुलगुरूंची ओळख निराळी करून द्यावयास नको.

गोव्याच्या वाचकांपाशी तर याहून जवळची आठवण आहे. सालाझारने १९५१ साली घटनेत शब्द बदलले आणि वसाहतींचे एका रात्रीत 'सागरपार प्रांत' झाले. हेतू उघड होता. प्रांत म्हटला की तो घरचा, आणि घरचा म्हटला की कोणी विचारावयाचे नाही! १५ डिसेंबर १९६० च्या ठरावाने आमसभेने ही शब्दांची हातचलाखी झिडकारली आणि गोव्याचे नाव परतंत्र प्रदेशांच्या यादीत घातले. तेव्हा दिल्लीने त्या ठरावाचे स्वागतच केले. स्मट्सने उच्चारला तेव्हा जो युक्तिवाद दांभिक होता, सालाझारने उच्चारला तेव्हा जो हास्यास्पद होता, तोच आपल्या मुखी आला की देशभक्तीचा होतो काय?

बरे, असा अर्ज करून प्रत्यक्षात काय हाती लागते? कॅनडातील एक प्रकरण पाहावे. किबेक प्रांताने दुकानांच्या बाहेरील पाट्या केवळ फ्रेंचमध्येच असाव्यात, असा दंडक घातला. त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या डिसेंबरात तो अवैध ठरविला. प्रांताने काय करावे? घटनेतील एका पळवाटेचा आधार घेऊन नवा कायदा केला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकालच निष्प्रभ करून टाकला. सीमावासी वाचकांना यात काही ओळखीचे वाटल्यास दोष आमचा नव्हे. तेव्हा तीन सामान्य इंग्रजी भाषक नागरिकांनी मानवी हक्क समितीकडे अर्ज केले. त्यांतला एक चित्रकार होता, एक अंत्यविधीची व्यवस्था करणारा. ३१ मार्च १९९३ रोजी समितीने मत दिले : राज्याने आपली राजभाषा एक ठरवावी वा अनेक, परंतु सरकारी व्यवहाराच्या बाहेर नागरिकाने कोणत्या भाषेत व्यक्त व्हावे, हे राज्याने ठरवू नये. समितीपाशी ना बेलीफ, ना फौज. तरीही तीन महिन्यांच्या आत किबेकने कायदा बदलला. फ्रेंचचा वरचष्मा राहिला, पण इंग्रजीला पाटीवर जागा मिळाली.

या निर्णयात आपल्या दृष्टीने याहून मोलाची एक गोष्ट आहे. २७ व्या कलमाचे संरक्षण मात्र समितीने त्या अर्जदारांना दिले नाही. कारण अल्पसंख्य कोण, हे प्रांतावरून नव्हे तर साऱ्या देशावरून पाहावयाचे. आणि इंग्रजी भाषक किबेकमध्ये थोडे असले तरी कॅनडात बहुसंख्य आहेत. आता हीच फूटपट्टी आपल्याला लावून पाहावी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात मराठी मातृभाषा असणारे शंभरांत सातही नाहीत. म्हणजे कर्नाटकाचे माप घ्या वा भारताचे, बेळगावचा, खानापूरचा, निपाणीचा मराठी माणूस अल्पसंख्यच ठरतो. जे दार किबेकच्या इंग्रजांना बंद झाले, ते आपल्याला बंद करण्यास तेच कारण पुढे करता येणार नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो, कारण आमच्यातील काही उत्साही मंडळी 'जागतिक न्यायालयात जाऊन सीमाप्रश्न सोडवू' अशी भाषा सभांतून करीत असतात. तसे होणार नाही. राष्ट्रातीत कायदा सीमारेषा हलवीत नाही. बेल्जियमने १९६२-६३ च्या कायद्यांनी आपली भाषिक सरहद्द कायम केली, तेव्हा डच विभागात सापडलेल्या फ्रेंच भाषक पालकांनी युरोपीय मानवी हक्क संरक्षण यंत्रणेकडे धाव घेतली. स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने २३ जुलै १९६८ रोजी निकाल दिला. मुलांना आपल्या पसंतीच्या भाषेतच सरकारने शिकवावे असा हक्क त्यात मान्य झाला नाही. ब्रुसेल्सभोवतालच्या सहा गावांतील फ्रेंच शाळांत, केवळ पालक गावाबाहेर राहतात म्हणून मुलांना मज्जाव करणे हा पक्षपात होय, एवढेच ठरले. तेही आठ विरुद्ध सात मतांनी. सरहद्द जागच्या जागी राहिली. पण लक्षात घ्यावे ते हे, की राज्याला एका परक्या न्यायासनापुढे उभे राहून आपल्या प्रत्येक नियमाचे कारण सांगावे लागले. पुढे तेथे कोणाही नागरिकाला थेट न्यायालयात जाण्याची मुभा मिळाली ती १ नोव्हेंबर १९९८ पासून. तारीखही कोणती निवडली पाहा! ज्या दिवशी आपण काळ्या फिती लावतो, त्या दिवशी युरोपातील सामान्य माणसाला न्यायाचे दार उघडले.

आपल्या घटनेत काय आहे? १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ कलमात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय आणि ३५०-ब कलमात भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक खास अधिकारी, अशी तरतूद झाली. हा अधिकारी चौकशी करतो, अहवाल लिहितो, तो राष्ट्रपतींकडे जातो, संसदेपुढे ठेवला जातो, राज्यांना पाठविला जातो. आज्ञा करण्याचा अधिकार त्याला नाही. त्याच वर्षीच्या केंद्रीय निवेदनात, जेथे अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के वा अधिक आहे तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, अशी हमी आहे. २०११ च्या जनगणनेतही बेळगाव जिल्ह्यातील मराठी भाषक या रेषेच्या वरच आहेत, खानापूर तालुक्याची तर गोष्टच सोडा. असे असता मराठीतून कागदपत्रे मिळावीत म्हणून मोर्चे काढावे लागतात! अहवालांची चळत वाढते, कचेरीतील फलक बदलत नाही.

सीमेचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानेच करावा. महाराष्ट्राचा २००४ सालचा दावा त्यासाठीच आहे आणि त्याचा पाठपुरावा एक दिवसही ढिला पडता कामा नये. पण त्या दाव्याच्या तारखा मोजण्यात दोन दशके उलटून गेली. त्या काळात ज्या मुलाने शाळेत पाऊल टाकले, तो आता बाप झाला असेल. सीमा हलेपर्यंत त्याची भाषा कोणाच्या मर्जीवर जगावी?

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. महाराष्ट्राच्या खासदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, संसदेत सरकारला एकच प्रश्न विचारावा : १९६६ चा ऐच्छिक पूरक करार भारत केव्हा स्वीकारणार, आणि स्वीकारणार नसल्यास कोणत्या कारणाने? तो विचारताना त्यांनी दुसऱ्या एका गोष्टीचीही तयारी ठेवावी. तो करार मान्य झाला, तर जत आणि अक्कलकोटच्या कन्नड भाषकालाही महाराष्ट्र सरकारविरुद्ध तोच अर्ज करता येईल. त्याला तो खुशाल करू द्यावा.