चेंडू फेकताना पुढे कोणता पाय?

परवा एका प्राथमिक शाळेच्या मैदानावर दुसरीतली एक मुलगी चेंडू फेकत होती. उजव्या हातात चेंडू आणि पुढे पायही उजवाच. सगळा जोर लावूनही चेंडू चार पावलांवर पडायचा. खेळाच्या बाईंनी खडूने जमिनीवर एक पाऊल आखलं. ‘‘डावा पाय इथं टाक, मग फेक.’’ तिसऱ्या फेकीला तिची कंबर वळली, खांदा मागून आला आणि चेंडू थेट कुंपणाला लागला. मला शिकवणं म्हणतात ते इथे दिसलं.

‘‘मुलं काय, खेळता खेळता शिकतातच,’’ असं पालक नेहमी म्हणतात. धीट मुलं शिकतात, ज्यांच्या घरापुढे अंगण आहे तीही शिकतात. बाकीची कडेला दप्तरं सांभाळत बसतात, आणि पुढे जन्मभर ‘मला खेळातलं काही जमत नाही’ म्हणत राहतात. झेल घेताना डोळे मिटून मान फिरवणाऱ्या मुलाला आपण भित्रं ठरवतो. खरं तर चेंडू त्याच्या नजरेला सापडण्याआधीच अंगावर आलेला असतो. जाणता शिक्षक त्याला आधी फुगा देतो. फुगा सावकाश उतरतो, नजरेला त्याच्यामागे जायला सवड मिळते. मग कापडी चेंडू, मग रबरी. टेनिसचा चेंडू सर्वांत शेवटी.

आपल्या लंगडीत तर अख्खा अभ्यासक्रम आहे: एका पायावर तोल, उडी, वळण आणि वर समोरच्याला गाठायची घाई. मात्र दोन्ही पायांवर आलटूनपालटून घालायला लावणारा कुणी हवा, नाहीतर मूल सोयीच्याच पायावर घालतं. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला उलट फिरता येत नाही, म्हणून पाऊल उचलण्याआधी ठरवावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. आपण पेढे वाटले, ते योग्यच केलं.

पण पळणं, उड्या मारणं, फेकणं, झेलणं यांचा पाया पहिली-दुसरीतच पडतो, आणि नेमका तिथेच शिक्षक नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला तो सहावी ते आठवीला, तोही पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूद नाही. तिथे खेळाचा तास वर्गशिक्षकांच्या अंगावर पडतो, आणि परीक्षा जवळ आली की गणिताला जातो. सातव्या वर्षी न सुधारलेली फेक बाराव्या वर्षी सुधारते, पण तोवर ते मूल मैदानाकडे फिरकेनासं झालेलं असतं. ही तरतूद बदलायलाच हवी.

तोवर पुढच्या पालकसभेत गुणांबरोबर एवढं जरूर विचारा: पहिली-दुसरीचा खेळाचा तास कोण घेतं, आणि या आठवड्यात तो झाला का?