लढाईवरचा लेख सुचवताना

युद्धेतिहासावरील लेखाचा प्रस्ताव मासिकाकडे पाठवताना आपल्याकडचा लेखक बहुधा लढाईचे नाव कळवतो आणि पाने किती मिळतील ते विचारतो. संपादकही दिवाळी अंकाचा विचार करून होकार देतो. मग जो लेख येतो त्यात सरदारांची यादी असते, सैन्याचे आकडे असतात आणि शेवटी हळहळ. लढाईचे नाव म्हणजे प्रस्ताव नव्हे.

आजच्या जालना जिल्ह्यातील असईचेच पाहू. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, केळणा नदीला जवळपास उतार नाही असे वाटाडे सांगत असता आर्थर वेलस्लीने दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली आणि तेथे उतार असणारच हे ताडले. हा प्रसंग सर्वांना आवडतो. तो गोष्टीसारखा आहे. परंतु त्याच दिवशी वेलस्लीची दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली, त्यांतली बरीचशी शिंद्यांच्या तोफांनी. काही गोलंदाज मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजी फळी पुढे सरकताच त्यांनी तिच्या पाठीवर पुन्हा तोफा डागल्या. हे आपल्याला कळते ते जिंकणाऱ्यांच्याच लेखनातून. या गोलंदाजांची नावे त्यात नाहीत.

आता याला ‘मराठी शौर्याची गाथा’ म्हणावे, तर शिंद्यांच्या कवायती कंपूंत भरणा मुख्यतः हिंदुस्थानी शिपायांचा होता आणि त्या दिवशी त्यांचे नेतृत्व करणारा पोलमन हॅनोव्हरचा. शिंदे-भोसले तर रणांगण सोडून गेले.

माझ्या मते प्रस्तावाचा प्रश्न येथे आहे: पराभूतांच्या पराक्रमाची साक्ष जेत्याकडूनच घ्यावी लागत असेल, तर तिच्यावर विसंबावे किती? शत्रू जितका कडवा दाखवावा तितका आपला विजय मोठा ठरतो, हे वेलस्लीला कळत नव्हते असे थोडेच आहे! साहित्याच्या विद्यार्थ्याला निवेदकाची विश्वासार्हता तपासण्याची सवय असते. तिचा उपयोग येथे इतिहासाच्या पदवीइतकाच होईल.

असा प्रश्न, तो ज्या कागदांवर तपासायचा त्यांची नावे आणि हाती असलेला नकाशा, एवढे एका पानात मावते. संपादकाने तेवढे मागावे, आणि जागा कमी पडली तर नकाशाऐवजी तलवारीचे चित्र गाळावे.