अंगण किती वाकडं?

"पॉइंट टू-टूचं छोटं पिस्तूल कितपत अचूक असतं?" हा प्रश्न इथे अमेरिकेत ओळखीची मराठी मंडळी मला अधूनमधून विचारत असतात. त्यावर माझी काही ठाम मतं आहेत, ती एकदाची लिहून टाकतो. (पुण्याच्या मावशीसाठी आधीच खुलासा: गावाबाहेरच्या क्लबात, मातीच्या उंच बांधासमोर, कागदावर आणि रिकाम्या डब्यांवर नेम धरणं एवढाच हा उद्योग आहे. कानाला संरक्षण असतं, डोळ्यांना चष्मा असतो. काळजी नसावी.)

तर मंडळी, विचारणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. पहिल्याला वाटतं की पिस्तूल हातात घेतलं की सगळ्या गोळ्या एकाच भोकातून गेल्या पाहिजेत. नाही गेल्या तर माल खराब. दुसऱ्याला वाटतं की एवढंसं ते खेळणं, त्याच्याकडून कसली अपेक्षा करायची? माझ्या मते दोघंही चुकतात, आणि दुसऱ्याची चूक जास्त महागात पडू शकते.

आधी थोडी तोंडओळख. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं, म्हणजे टिळकांच्या काळातलं. गोळी नुसती ४० ग्रेनची, जेमतेम अडीच ग्रॅमच्या वर. याला रिमफायर म्हणतात, कारण ठिणगी टाकणारा मसाला पुंगळीच्या बुडाशी असलेल्या कडेत, गोल फिरवून भरलेला असतो. पिस्तुलाची पिन त्या कडेवर आपटते आणि बार उडतो. हे काडतूस स्वस्त पडतं, धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी. म्हणून सुट्टीच्या दिवशी शेदोनशे गोळ्या आरामात झाडणाऱ्या हौशी लोकांचं हे लाडकं. १९४९ साली रुगर कंपनीने साडेसदतीस डॉलरला आपलं पहिलं टू-टू पिस्तूल आणलं, तेव्हापासून तर ते अगदी बेताच्या पगाराच्या माणसाच्याही आवाक्यात आलं.

आता अचूकतेचं. काडतूस मुळातच कमअस्सल आहे, असं म्हणणाऱ्यांना मी ऑलिंपिकचं टार्गेट दाखवतो. २५ मीटर पिस्तूल प्रकारात अचूकतेच्या फेरीला दहा गुणांचं वर्तुळ ५ सेंटीमीटरचं असतं. म्हणजे लिंबाएवढं. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सोनं मिळवलं, तेही टू-टूवरच. ५० मीटर पिस्तूल तर आणखी कठीण. अंतर दुप्पट आणि वर्तुळ तेवढंच, एका हाताने, साध्या माशी-खाचेवर. २०१६च्या रिओनंतर तो प्रकार ऑलिंपिकमधून गेला, पण तोही टू-टूचाच खेळ. तेव्हा काडतुसाला नावं ठेवायला फारशी जागा नाही.

मग दुकानातून आणलेल्या छोट्या पिस्तुलाचा नेम इकडेतिकडे का जातो? नळी आखूड म्हणून गोळी वेडीवाकडी जाते, हा मोठा गैरसमज आहे. खरं कारण भूमितीत आहे. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर छोट्या पिस्तुलात साधारण ४ इंच असतं. १० यार्ड म्हणजे ३६० इंच, त्याच्या नव्वदपट. म्हणजे माशी खाचेत एक मिलिमीटर डावीकडे सरकली तर गोळी ९ सेंटीमीटर डावीकडे! लांब पिस्तुलात तेच अंतर ८ इंच धरलं तर चूक निम्मी होते. पिस्तूल तितकंच सरळ मारतं, फक्त आपल्या हाताची थरथर दुप्पट करून दाखवतं.

त्यात चाप. खिशात मावणाऱ्या काही पिस्तुलांचं वजन पाऊण पौंडाच्या आसपास, आणि पहिल्या गोळीसाठी चाप ओढायला त्याच्या दहाएक पट जोर लागतो. भाकरी थापताना परात हलू नये म्हणून आपण ती धरून ठेवतो ना? इथे परातही हातातच आणि थापायचंही त्याच हाताने. वर मूठ इतकी लहान की करंगळी हवेत लोंबकळते.

याचा खरा फटका कुणाला बसतो ते सांगतो, कारण मला त्याचाच राग आहे. एका मित्राच्या बायकोला नेमबाजी शिकायची होती. दुकानदाराने सांगितलं, वहिनींचे हात नाजूक आहेत, छोटं पिस्तूल द्या. वहिनींनी क्लबात दहा यार्डावर वीस गोळ्या झाडल्या. कागदावर चार. "माझ्याच्याने नाही व्हायचं हे," म्हणून त्या बाकावर जाऊन बसल्या. शेजारी एक म्हातारेबुवा होते, त्यांनी स्वतःचं साडेपाच इंची नळीचं, चांगलं जड टू-टू पुढे केलं. गोळ्या वहिनींच्याच खोक्यातल्या, दुपार तीच, हात तेच. दहापैकी आठ बशीएवढ्या जागेत! वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "नवशिक्याला छोटं पिस्तूल" हा सल्ला म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला थेट भोवऱ्यात ढकलणं आहे. सगळ्यात छोटं पिस्तूल हे सगळ्यात अवघड पिस्तूल असतं. म्हातारेबुवा त्या दिवशी नसते तर वहिनी आयुष्यभर स्वतःलाच बोल लावत बसल्या असत्या.

आता उलट बाजू. "नाचता येईना अंगण वाकडं" ही म्हण नेमबाजांना फार लवकर ऐकवली जाते. पण अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं! लहानपणी जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीबद्दल "नळी वाकडीच ठेवतात रे" असं आपण सगळेच म्हणायचो, आणि प्रत्येक वेळी ते खोटं असेलच असं नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूकडून काहीतरी मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. प्रश्न एवढाच की अंगण वाकडं आहे की नाही हे ठरवायचं कसं?

माझी पद्धत अशी. आपला हात हिशोबातून काढून टाका. टेबलावर वाळूची पिशवी ठेवा, तिच्यावर हात टेकवा, आणि दहा यार्डावरून दहा गोळ्या सावकाश मारा. तीन नाही, दहा. तीन गोळ्यांचा ग्रुप हा नेमबाजांचा आवडता खोटारडेपणा आहे. गणित असं सांगतं की त्याच पिस्तुलाचा, त्याच हाताचा दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीन गोळ्यांच्या दीडपटीहून थोडा जास्तच पसरतो. त्यामुळे कुणी खिशातून इंचभर ग्रुपचा कागद काढून दाखवला तर आधी भोकं मोजा. :) आणि "ती एक निसटली, ती धरू नका" हे चालणार नाही. निसटलेली गोळीही त्याच नळीतून गेलेली असते.

दुसरं, एकाच खोक्यावर निकाल देऊ नका. त्या कडेतला मसाला प्रत्येक पुंगळीत अगदी सारखा पसरतोच असं नाही, त्यामुळे गोळीचा वेग थोडा कमीजास्त होतो. शिवाय गोळी मऊ शिशाची, स्वस्तातल्या मोठ्या डब्यात ती एकमेकींवर आपटून खरचटते. आणि प्रत्येक पिस्तुलाच्या आवडीनिवडी वेगळ्या, घरातल्या पोरांसारख्या. एकाला जे चालतं ते दुसरं थुंकून टाकतं. चारपाच जातीची पन्नास-पन्नासची खोकी आणा आणि करून बघा. माझ्या अनुभवात "अतिवेगवान" म्हणून मिरवणाऱ्या गोळ्यांपेक्षा साध्या वेगाच्या गोळ्या बहुतेकदा शहाण्या निघतात.

एवढं केल्यावर मी काय मागतो? छोट्या, खिशातल्या पिस्तुलाकडून: दहा यार्डावर, टेकवून, दहा गोळ्या अडीच इंचात. म्हणजे सोड्याच्या डब्याच्या रुंदीत. हातात धरून मारताना बेताचा सराव असलेल्याच्या गोळ्या बशीत बसल्या तरी खूश व्हावं. साडेपाच इंची नळीच्या, मागची खाच सरकवता येणाऱ्या पूर्ण आकाराच्या पिस्तुलाकडून मात्र मी २५ यार्डावर दोन इंच मागतो, आणि चांगल्या गोळ्यांवर ते मिळतं. डबे पाडण्यासाठी यापेक्षा जास्त मागणं म्हणजे भाजी आणायच्या स्कूटरचा शर्यतीतला वेग विचारणं.

आणि तक्रार कधी करावी? टेकवूनही ग्रुप ताटाएवढा आला तर. कागदावर गोल भोकांऐवजी आडवी, लांबट भोकं दिसली तर, कारण मग गोळी सरळ न जाता कोलांट्या खात जातेय. ग्रुप छान घट्ट आहे पण नेमापासून चार इंच बाजूला पडतोय आणि माशी हलवायची सोयच नाही, तर. या तिन्ही वेळी बेलाशक कंपनीला कागदासकट पत्र लिहा. अशा वेळी म्हण ऐकवणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

आता तो दुसरा प्रकार, "एवढंसं तर आहे" म्हणणारा. याच्याशी माझं खरं भांडण आहे. याच काडतुसाच्या खोक्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते. पाण्यावर किंवा दगडावर आपटली तर ही गोळी भलतीकडेच उडते. "कशाला मोजायचं, मजेसाठी तर मारतोय," असं म्हणणाऱ्याला आपली गोळी नक्की कुठे जाते हेच ठाऊक नसतं. डब्यावर नेम धरलेल्या दहा गोळ्यांपैकी तीनच लागल्या, तर उरलेल्या सात कुठे गेल्या? मागे उंच बांध असेल तर मातीत. नसेल तर? म्हणून माझ्या लेखी अचूकतेची अपेक्षा ही बढाईसाठी नाहीच. आपल्या पिस्तुलाचा आणि आपल्या हाताचा पसारा किती, हे माहीत असणं ही नेमबाजाची किमान जबाबदारी आहे. तो पसारा कळल्यावरच किती अंतरावर डबा ठेवायचा आणि मागे केवढा बांध हवा, हे कळतं.

थोडक्यात, जास्त मागणारा स्वतःला आणि दुकानदाराला छळतो, आणि काहीच न मागणारा बांधापलीकडच्या माणसाला धोक्यात घालतो. अडीच इंच हा माझा आकडा. तुमचा दोन असेल, तीन असेल, माझी हरकत नाही. फक्त तो कागदावर दहा भोकं मोजून आलेला असावा, ऐकीव नसावा.

असो. बरंच लांबलं. राहता राहिली मावशी, तर मावशी, तू आलीस की तुलाही नेईन. जड पिस्तूल देईन, छोटं नाही.