निळा हुकमाचा एक्का

अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’ या १९८६-८७च्या कॉमिक्समध्ये अमेरिका व्हिएतनाम युद्ध चक्क जिंकते. कारण तिच्याकडे डॉक्टर मॅनहॅटन आहे. हा निळा, पदार्थाचे अणू हवे तसे विस्कटणारा माणूस १९७१मध्ये तिथे उतरतो आणि शत्रू हात टेकतो. शरण येणाऱ्या कित्येकांना तर थेट त्याच्याच पायाशी यायचे असते! १९८५मध्येही निक्सनच अध्यक्ष आहेत, ते काही उगाच नाही. मला नवल वाटते ते अख्ख्या देशाची सुरक्षा एकाच्या मर्जीवर सोपवणाऱ्या मुत्सद्द्यांचे. अण्वस्त्र निदान रुसत तरी नाही. टीव्हीवर आपल्यामुळे लोकांना कर्करोग झाल्याचा आरोप होताच हा उद्विग्न होऊन मंगळावर निघून जातो, आणि सोव्हिएत फौजा लगोलग अफगाणिस्तानात शिरतात.