बडोद्याची गायनशाळा
महाराष्ट्र-गुजरात सीमेवरच्या नवापूरला जवळची म्हणावी अशी संगीतशिक्षणाची जुनी परंपरा बडोद्याची. नवापूर स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत.  सीमेपलीकडचे सोनगड म्हणजे गायकवाडांचे आरंभीचे ठाणे. याच घराण्यातील सयाजीराव तिसरे यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा सुरू केली. तोवर गाणे ही गुरूच्या घरी राहून, सेवा करून, कानांनी टिपायची विद्या होती. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसवली, क्रमिक पुस्तके लिहिली. गाण्याची चीज वहीत उतरू लागली आणि दहा-वीस मुलांना एकत्र शिकवणे शक्य झाले. उस्तादी गायकीच्या त्या काळात हे मोठेच धाडस होते. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये भरली, तीही बडोद्यातच. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. मौलाबक्षांची गायनशाळा आज त्याची प्रयोगजीवी कलांची विद्याशाखा आहे. सुरसागर तलावाजवळच्या तिच्या इमारतीत गायन, वादन, नृत्य आणि नाट्य शिकवले जाते. विलंबित ख्याल मात्र तासाच्या घंटेत मावत नाही; तेथे गुरूसमोर तंबोरा धरून बसणे अजूनही चुकत नाही. नवापूर-डांग पट्ट्यातली, भोपळा आणि बांबूपासून बनवलेले पावरी हे वाद्यही असेच, जाणत्याच्या शेजारी बसून शिकले जाते.