अगस्त्याचा तारा आणि सनावळीचा मोह

फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमाराला दौंड तालुक्यातील कासुर्डीहून दक्षिणेकडे पाहिले, तर भुलेश्वराच्या डोंगररांगेवर एक ठळक, शुभ्र तारा दिसतो. हाच अगस्त्य. तेजस्वितेत व्याधानंतर त्याचाच क्रम लागतो. कासुर्डीच्या आकाशात तो क्षितिजापासून फार तर १९ अंश वर चढतो. दिल्लीत सुमारे ९, श्रीनगरात अवघा ३. अथेन्समध्ये तर तो उगवतच नाही.

नावाचे मर्म या आकड्यांत आहे. वाढत्या विंध्याला नमवून अगस्त्य ऋषी दक्षिणेस गेले आणि परतलेच नाहीत, अशी कथा आहे. उत्तरेचा वाटसरू दक्षिणेची वाट चालू लागला, की हा ताराही रोज थोडा थोडा वर येतो. दक्षिणवासी ऋषीचे नाव दक्षिणेच्या ताऱ्याला मिळावे, हे स्वाभाविकच होते. ‘अग’ म्हणजे पर्वत, त्याला थोपवणारा तो अगस्त्य, ही व्युत्पत्ती मात्र कथेवरून मागाहून बेतलेली वाटते.

आता वादाचा मुद्दा. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भ्रमणामुळे सहा हजार वर्षांपूर्वी हा तारा आजच्यापेक्षा पाच-सहा अंश दक्षिणेला होता. त्यामुळे तो उत्तर भारतात प्रथम केव्हा दिसू लागला, याचे गणित मांडता येते आणि ते गणित खोटे नाही. पण त्यावरून अगस्त्यांच्या विंध्यलंघनाचे साल काढणे हा इतिहास नव्हे. तारा केव्हा दिसू लागला एवढेच गणित सांगते. त्याला नाव केव्हा मिळाले, हे सांगत नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात अगस्त्यांची सूक्ते आहेत, पण हा ऋषी म्हणजेच तो तारा, असे ती सूक्ते म्हणत नाहीत.

भक्कम पुरावा सहाव्या शतकातला आहे. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त अगस्त्याच्या उदयासाठी स्वतंत्र अध्याय लिहिला. हा उदय प्रत्येक देशी वेगळ्या दिवशी होतो, तो गणिताने काढावा, असे त्याने सांगितले आणि उज्जयिनीसाठी नेमही दिला: सूर्य कन्या राशीपासून सात अंश दूर असताना. ऋषीच्या कथेला आकाशातील तिथी देणारा हा माणूस सनावळीच्या उत्साही दाव्यांपेक्षा कितीतरी अधिक विस्मयकारक आहे.

अगस्त्योदयानंतर पावसाळ्याचे गढूळ पाणी निवळते, हा संकेत कालिदासालाही ठाऊक होता. कासुर्डीच्या उत्तरेने वाहणाऱ्या मुळा-मुठेवर मात्र आज त्याची पारख करू नये. तिथले पाणी न निवळण्याची कारणे आकाशात नाहीत.